मुंबईत सोसायट्यांना ओल्या कचऱ्याचं खत करणं सक्तीचं झालं, त्याचा खरंच काही उपयोग झाला का?

थोडा झाला. पण तुम्ही 'सक्ती' हा शब्द वापरलात आणि मला आमच्या सोसायटीची २०१७ ची एजीएम (वार्षिक सभा) आठवली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

मी मुलुंड पूर्वेची. इथलं डंपिंग, म्हणजे शहराचा कचरा टाकायचं मैदान, चालू होतं तेव्हा वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून जेवायचो, त्यामुळे कचरा जातो कुठे हे मला कुणी शिकवायला नको. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग पेटलं, पुढच्याच महिन्यात हायकोर्टाने नव्या बांधकामांच्या परवानग्या अडवल्या, एप्रिलमध्ये केंद्राचे घनकचरा नियम आले. मग २०१७ मध्ये पालिकेने सांगितलं की २० हजार चौरस मीटरच्या वरची किंवा दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी सोसायटी असेल तर २ ऑक्टोबरपासून ओला कचरा उचलणार नाही, तुमचा तुम्ही जिरवा. कुणाला खताचा पुळका नव्हता हो, टाकायला जागा उरली नव्हती.

आमचं क्षेत्रफळ बसत नव्हतं, प्रश्न १०० किलोचा होता. भंगारवाल्याचा काटा आणून आठवडाभर वजन केलं. एरवी ९०-९५ आणि रविवारी शहाळी, हाडं, मटारची सालं धरून १३० च्या वर. म्हणजे अडकलो.

मी कमिटीत होते. मी म्हटलं, मागच्या भिंतीला विटांच्या तीन टाक्या बांधू, बाजूने हवेला भोकं ठेवू, पर्जन्यवृक्षाचा पाला आपल्याकडे ढिगाने पडतो तो सुका थर म्हणून वापरू. माझं माहेर चिपळूणचं, उकिरडा बघतच मोठी झालेय. तर आमचे खजिनदार काका (बी विंग) सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, इथे खेडं करायचंय का?" आणि 'चोवीस तासात खत' वाल्या मशीनचं ब्रोशर वाटलं. साडेसहा लाख, थ्री फेज कनेक्शन वेगळं. हात वर झाले. माझा नाही झाला.

पहिली बॅच निघाली, कॉफी पावडरसारखी, वासही भाजल्यासारखा, काका तर नातू झाल्यासारखे खूश. लगेच गेटजवळच्या तगरीला आणि जास्वंदीला ओंजळी भरभरून घातली. दोन पाऊस पडले आणि त्यावर पांढरी बुरशी, मग घाण वास, मग तगर पिवळी. कारण ते खत नव्हतंच ना! मशीनने कचरा गरम करून वाळवला आणि दळला, बस. ओला झाला की त्याचं कुजणं तिथेच झाडाच्या मुळाशी सुरू होतं आणि कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं. अजून काही आठवडे क्रेटमध्ये मुरवायला हवं होतं, पण मुरवायला जागा लागते आणि जागा नको म्हणून तर मशीन घेतलेलं. दुसऱ्या वर्षी शहाळं अडकून ब्लेड गेलं. आता ते मशीन पंपरूममध्ये आहे, त्यावर गणपतीचं मखर ठेवतात.

पुढे टाक्या बांधल्याच, गुपचूप, किरकोळ दुरुस्तीच्या खर्चातून. पहिल्या पावसात अळ्या झाल्या, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी माझ्याशी बोलणं सोडलं. पाला दुप्पट केला, काळं पाणी निघायचं थांबलं, वास गेला. दीड महिन्यात खत तयार होतं. खरं काम हाऊसकीपिंगचा पोरगा करतो, त्याला महिना १५०० वेगळे देतो. ते द्यायचे नसतील तर कुठलीही पद्धत घ्या, बंदच पडणार.

आता धोरणाचं. नियम 'सोय आहे का' एवढंच विचारतो, 'खत निघतंय का' नाही. आमच्याकडे तपासायला आले त्यांनी मशीनचा फोटो काढला, ते बंद होतं तरी. टाक्या बघायच्या का विचारलं तर नको म्हणाले. दुसरं म्हणजे निघालेलं खत घेणार कोण? आमच्या कुंड्यांना किती लागणार? केंद्राने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपये मदत जाहीर केली, पण ती खत कंपन्यांमार्फत विकल्या जाणाऱ्या मालाला, सोसायटीच्या गोणीला त्याचा काय उपयोग.

तुमच्याकडे जागा असेल तर मशीन घेऊ नका, कुणी कितीही ब्रोशर दाखवो. हां, चाळ असेल, टॉवरखाली पोडियमवर नुसतं पार्किंग असेल, तर मशीनशिवाय इलाज नाही हे मान्य, पण मग कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) आणि मुरवायचे क्रेट त्याच बजेटमध्ये धरा. आणि शेजारच्या सोसायटीत तसलंच मशीन नीट चालतं, तिथला सुपरवायझर रोज स्वतः उभा असतो, तेही सांगायला हवं.

काका हल्ली गॅलरीतल्या गुलाबाला खत न्यायला येतात, माझ्याच टाकीतलं. देते मी. फक्त त्या एजीएमच्या मिनिट्समध्ये अजून 'मशीन खरेदीचा ठराव सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेलं आहे. सर्वानुमते नव्हता. माझा विरोध नोंदवा असं मी तेव्हाच सांगितलं होतं.