मागणी कशी लिहावी, गाणं कुठे कापावं: फॅन व्हिडिओंविषयी वाचकांचे प्रश्न

आवडत्या मालिकेतली किंवा सिनेमातली दृश्यं वेचून एखाद्या गाण्यावर नव्याने बसवली की झाला फॅन व्हिडिओ. १९७५ साली कँडी फाँग यांनी स्टार ट्रेकच्या चाहत्यांसमोर टेपवरच्या गाण्याबरोबर स्लाइड दाखवल्या. ही कला तिथून सुरू झाली, असं मानलं जातं. पुढे व्हीसीआर आले, मग संगणक. आता फोनवरही चालतं. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

एका ऑनलाइन देवाणघेवाणीत नाव नोंदवलंय. प्रत्येकाने मागणी लिहायची, कुणीतरी अनोळखी माणूस ती वाचून व्हिडिओ भेट देणार आणि आपणही दुसऱ्या कुणाला द्यायचा. मागणीत किती लिहू? फार लिहिलं तर हावरटपणा वाटेल का? (पुणे)

मोकळेपणाने लिहा. बनवणाऱ्याची खरी पंचाईत होते ती ‘काहीही चालेल, दोघंही आवडतात’ एवढंच लिहिलेल्या मागणीने. त्याच्यासमोर वीस तासांची मालिका पडलेली असते आणि धरायला टोक नसतं. त्यापेक्षा असं लिहा: ‘धाकटी बहीण हवी. थोरलीच्या सावलीत राहून तिने घर कसं तोलून धरलं ते बघायला आवडेल. दुसऱ्या पर्वातलं स्वयंपाकघर, तिचे हात, तिचं दारात थबकणं. गाणं कुठल्याही भाषेतलं चालेल, शब्द नसलेलंही.’ यात बनवणाऱ्याला दिशा मिळाली, पण हात बांधले गेले नाहीत.

अमुकच गाणं हवं, असा हट्ट मात्र धरू नका. ते गाणं त्या बिचाऱ्याला शेकडो वेळा ऐकायचं असतं! दोन-तीन गायक किंवा बाज सुचवा आणि थांबा.

‘नको’ची यादी वेगळी ठेवा. ती छोटी आणि पडताळता येण्याजोगी हवी. ‘वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग नको’, ‘रक्त नको’ हे पाळता येतं, पण ‘रटाळ नको’ कसं पाळायचं? कुठल्या भागापर्यंत पाहिलंय, तेही सांगा, नाहीतर भेटीतच शेवट कळायचा. मालिका कमी लोकांना माहीत असेल तर ती कुठे बघता येते ते लिहा, आणि शंभर-सव्वाशे भागांची असेल तर निदान पाच भागांचे क्रमांक द्या. दोन तासांचा सिनेमा अनोळखी माणूस हौसेने बघेल, सव्वाशे भाग बघणार नाही. आणि आपण कशावर व्हिडिओ बनवून देऊ शकतो त्या यादीत, फक्त ज्यांच्या फाइल हाताशी आहेत, तीच नावं भरा.

लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, क्लिप टाकली की अडखळत चालते. फुकटचं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? (सांगली)

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती उत्तम आहे, पण तिला सोळा जीबी तरी लागते. आठमध्ये केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या. दोन्हींत प्रॉक्सीची सोय आहे: कापाकापी हलक्या नकलेवर करायची, अंतिम फाइल मूळ चित्रावरून निघते.

अडखळण्याचं मूळ बहुतेकदा फाइलमध्ये असतं. एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम (एकेक स्थिर चित्र) पूर्ण साठवलेली नसते. मधल्या फ्रेममध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं ते असतं, त्यामुळे एका जागी थांबायचं म्हटलं तरी संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब मांडावा लागतो. हँडब्रेक या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये खास संकलनासाठी ‘प्रॉडक्शन’ नावाचे प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, आहेत. त्यातल्या ‘प्रॉडक्शन स्टँडर्ड’मधून फाइल काढून घ्या आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) ‘कॉन्स्टंट’, म्हणजे कायम एकच, आहे ना, ते तपासा. फोनच्या स्क्रीन रेकॉर्डिंगचा फ्रेमरेट कमी-जास्त होत राहतो. तशीच फाइल वापरली तर तुम्ही एका जागी कापता आणि अंतिम फाइलमध्ये दुसरीच फ्रेम येते.

डिस्कवर जागा ठेवा, संकलनाच्या फाइल मोठ्या होतात. प्रोरेस ४२२ या संकलनासाठीच्याच दुसऱ्या फाइलप्रकारात तर १०८० ओळींचं, सेकंदाला २४ फ्रेमचं चित्र ताशी साधारण ५३ जीबी खातं. म्हणून सगळी मालिका बदलत बसू नका, लागणारे भागच बदला.

पहिला व्हिडिओ किती मोठा असावा? (नाशिक)

दीड ते अडीच मिनिटं. पाच मिनिटांच्या गाण्याचं दुसरं कडवं बेलाशक उडवा. समेवर कापा आणि समेलाच जोडा, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका जिथे पडतो तिथे. जोडावर दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढवला, की ‘टक’ असा आवाज येत नाही. हेडफोन लावून मात्र ऐका. आधीच्या ओळीची आस (रेंगाळणारा सूर) पुढच्या ओळीत ओघळत असेल तर कापायची जागा चुकली, एक आवर्तन मागे-पुढे सरका.

दूरदर्शनवरच्या जुन्या मालिकेची डीव्हीडी आहे. पात्र हललं की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. शिवाय दुसऱ्या फाइलवर वाहिनीचा लोगो आहे. (पणजी)

रेघा म्हणजे इंटरलेसिंग. जुन्या टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत साठवलेलं असतं. दोन्ही अर्धी एकाच वेळी दाखवली की हालचाल फाटते. आधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून फ्रेमरेट बघा. भारतात विकलेली डीव्हीडी पाल, म्हणजे इथल्या टीव्हीच्या पद्धतीची, २५ फ्रेमचीच असेल असं नाही, बऱ्याच एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या, निघतात. मग हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस लावा. हे काम संकलनाच्या आधीच करायचं. एकदा चित्र लहानमोठं केलं की ओळींची जुळणी मोडते आणि मग कुठलाच फिल्टर नीट चालत नाही.

चेहरे रोडावले किंवा फुगले असतील तर तो पिक्सेलच्या आकाराचा घोळ. पालची फाइल ७२० बाय ५७६ दिसते, पण ४:३ च्या हिशेबाने ती ७६८ बाय ५७६ दाखवायची असते.

लोगोसाठी क्लिप १०८ ते ११० टक्के मोठी करून तो कोपरा फ्रेमबाहेर ढकला. याहून जास्त ताणलं तर जुनं चित्र भुरकट होतं. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये भरायला तर १३३ टक्के लागतं आणि उंचीचा पाव भाग जातो, आणि त्या पाव भागात हमखास कुणाचं तरी डोकं असतं. आमचं मत विचाराल तर ४:३ ला ४:३ च राहू द्या, व्हिडिओच त्या मापाचा करा.

प्रत्येक ठोक्यावर कट टाकलाय, तरी व्हिडिओ बेजान वाटतो. कट उशिरा पडल्यासारखाही वाटतो. (कोल्हापूर)

आधी उशिराचं बघू. मिनिटाला १२० ठोके आणि सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दर १२ फ्रेमला ठोका, असा हिशेब करून खुणा टाकल्यात का? सिनेमाचा फ्रेमरेट बहुतेकदा २३.९७६ असतो. तीन मिनिटांत या हिशेबाने चार फ्रेमची तफावत पडते, म्हणून शेवटाकडे सगळं ढिलं वाटतं. खुणा कानाने आणि आवाजाच्या आलेखावर बघून टाका. शिवाय कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवून पाहा. नवं चित्र डोळ्याला उमगायला क्षणभर लागतो, तेवढी आघाडी दिली की तो ठोक्यावर बसल्यासारखा वाटतो.

बेजानपणाचं कारण वेगळं. दर ठोक्याला कट आला की बघणाऱ्याला पुढचा कट आधीच कळतो. ठोका कटानेच पकडायला हवा असं कुठे आहे? क्लिपच्या आत दार आपटतं, मान वळते, पेला टेबलावर येतो. ती हालचाल ठोक्यावर बसवा आणि कट आवर्तन संपेपर्यंत रोखून धरा. एका क्लिपमध्ये कुणी डावीकडून उजवीकडे गेलं तर पुढच्या क्लिपमधली हालचालही तिकडेच नेली की जोड दिसत नाही.

बोलणारे चेहरे टाळा. संवाद बंद केलेला असतो, त्यामुळे हलणारं तोंड गाणं म्हणतंय असं वाटतं किंवा नुसतंच उघडमीट करतं. ऐकणाऱ्याचा चेहरा घ्या. दिग्दर्शकाने तोही टिपलेला असतो, आणि बहुतेकदा भावही तिथेच सापडतो. गाण्यात ‘पाऊस’ आला की पाऊस, ‘डोळे’ आले की डोळे, हेही एखाद्या वेळीच शोभतं.

ही सगळी निवड टाइमलाइनवर बसून होत नाही. मालिका आवाज बंद करून पाहा आणि एका तक्त्यात नोंदी ठेवा: भाग, वेळ, कोण आहे, हालचाल कुठल्या दिशेने, तोंड हलतंय का. कंटाळवाणं काम आहे खरं, पण दोन मिनिटांच्या व्हिडिओला साठ-सत्तर क्लिप सहज लागतात आणि आठवणीवर विसंबलं की त्याच दहा प्रसिद्ध दृश्यांभोवती फिरणं होतं. गाणं कोण म्हणतंय, तेही याच वेळी ठरवा. पहिल्या कडव्यात ‘मी’ म्हणजे ती आणि दुसऱ्यात तो, असं झालं तर बघणाऱ्याला धागा लागत नाही.

देवाणघेवाणीत ज्यांच्यासाठी बनवतोय त्यांनी ‘आनंदी शेवट आवडेल’ लिहिलंय. मला सुचलेलं गाणं उदास आहे. चालेल? (ठाणे)

‘नको’च्या यादीत नसेल तर चालेल. ‘नको’ पाळावंच लागतं, बाकी सगळं सुचवणं असतं. पण गाणं उदास असलं तरी शेवटची क्लिप हसरी ठेवता येतेच.

अपलोड करताच गाण्यावर दावा आला. चॅनल बंद होईल का? इथला कायदा काय सांगतो? (न्यू जर्सी)

यूट्यूबवरचा कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. गाण्याचा मालक व्हिडिओ अडवू शकतो, जाहिरातीचे पैसे घेऊ शकतो किंवा नुसती नोंद ठेवू शकतो. स्ट्राइक येतो तो काढून टाकण्याची रीतसर नोटीस आल्यावर, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जातं. म्हणून आधी ‘प्रायव्हेट’ ठेवून अपलोड करा, तपासणीचा निकाल बघा, मगच खुला करा. गाण्याची पट्टी किंवा वेग बदलून चकवायच्या भानगडीत पडू नका. पकडलं जायचं ते जातंच, वर गाणंही बिघडतं.

अमेरिकेत २०१० पासून, समीक्षा किंवा भाष्य करणाऱ्या बिगर-व्यावसायिक व्हिडिओसाठी डीव्हीडीचं कुलूप (नक्कल रोखणारी तांत्रिक सोय) उघडून छोटे तुकडे घ्यायला सूट आहे. दर तीन वर्षांनी तिचा फेरविचार होतो. ही सूट कुलपापुरतीच आहे, यूट्यूबवरचा दावा तिने टळत नाही. भारतातल्या वाचकांनी ती आपल्याला लागू धरू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर, समीक्षा अशी ठरावीक कारणंच दिली आहेत.

अंतिम फाइल एच.२६४, आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ. सेकंदाला १० मेगाबिटने तीन मिनिटांची फाइल सुमारे २२५ एमबी होते. वर्णनात गाणं, गायक आणि मालिका यांची नावं लिहा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा प्रकाश लुकलुकत असेल तर तशी सूचना सगळ्यात वर द्या, कारण त्याने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांच्या कलाकृतींच्या संकेतस्थळावर नोंद करणार असाल तर तिथे व्हिडिओची फाइल ठेवता येत नाही. ती दुसरीकडे ठेवून दुवा द्यावा लागतो, म्हणून मूळ फाइलची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर राहू द्या.