सासूबाईंची साखर आणि गणपतीची आरती

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात वाडीवर राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह जुना, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू. यंदा २०२० च्या गणपतीला भाऊजी मुंबईहून बिऱ्हाडासकट येताहेत. त्या गोळीने कोरोना बळावतो असा मेसेज वाचून सासूबाईंनी ती सोडलीय आणि गूळ-ज्येष्ठमधाचा काढा दिवसातून चारदा घेताहेत. आम्ही काय काळजी घ्यावी? — एक वाचक

उत्तर : ताई, आधी गोळी. ती आजच फोनवर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करून द्या. हा विषाणू पेशीत शिरताना ज्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, त्याचा या गोळ्यांशी संबंध आहे. एवढ्यावरून मार्च २०२० मध्ये ती भीती उठली. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, की गोळ्या बंद करू नका. अचानक चढलेल्या रक्तदाबाचा धोका मात्र खरा आहे. त्यात ज्येष्ठमध अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि रक्तदाब वाढवतं. म्हणजे गोळी बंद आणि ज्येष्ठमध चालू, हे दुहेरी नुकसान. आलं-तुळशीचा बिनगुळाचा चहा एखादा कप हवा तर द्या, पण तो विषाणू रोखत नाही.

वय बदलता येत नाही, साखर आटोक्यात आणता येते. मधुमेह्याची साखर चढलेली असताना हा आजार झाला तर तो जास्त गंभीर होतो. ती उपाशीपोटी १३० च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत राहील असं बघा. भाऊजी यायच्या आत एकदा तपासून घ्या. उकडीचा मोदक एकच, आणि त्या जेवणातला भात कमी. मोदक सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही.

आता पाहुणे. निघण्यापूर्वीची चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. लागण झाल्यावर लक्षणं साधारण पाच-सहा दिवसांनी दिसतात, कधी चौदा दिवसांपर्यंत लांबतात, आणि त्याआधी दोन दिवस माणूस इतरांना आजार देऊ शकतो. त्यांना पडवीची खोली द्या. न्हाणीघर वेगळं ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर सासूबाईंनी आधी वापरावं. सगळ्यांत जास्त सांभाळायचं ते जेवताना. मास्क उतरलेला, माणसं समोरासमोर आणि गप्पा रंगलेल्या. म्हणून सासूबाईंचं पान आधी आणि वेगळं वाढा.

आरतीबद्दल मला खरी काळजी आहे. पाऊस म्हणून खिडक्यांची दारं लावलेली, माजघरात वीस-पंचवीस माणसं आणि वरच्या पट्टीतली आरती. मोठ्याने गाताना तोंडातून बारीक थेंब खूप बाहेर पडतात आणि कोंडलेल्या खोलीत हवेतच तरंगत राहतात. यंदा वाडीने घरोघर फिरू नये, आपापल्या घरची आरती घरच्यांनीच करावी. खिडक्या आणि मागचं दार उघडं असू द्या, सासूबाईंना ओटीवर वाऱ्याच्या बाजूला बसवा. ‘वारा लागेल’ म्हणून म्हाताऱ्या माणसांना आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवायची आपल्याकडची रीत या आजारात घातक आहे. भिजलेल्या मास्कचा उपयोग नसतो, म्हणून कापडी मास्क माणशी तीन तरी ठेवा आणि चुलीवरच्या वळणीवर खडखडीत वाळवा.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, वाडीत मिळून एक घेतलात तरी चालेल, दर वेळी पुसून वापरा. बोटाला नेलपॉलिश नको, हात गार असेल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं बसल्यावर आकडा स्थिरावू द्या. ताप-खोकला आला, वास येईनासा झाला, तर सासूबाईंना घरातच तीन मिनिटं चालवून पुन्हा मोजा. आकडा ९४ च्या खाली आला किंवा चालल्यावर तीनने उतरला, तर दम लागत नसला तरी वाट न बघता रुग्णालयात न्या. या आजारात ऑक्सिजन उतरूनही माणूस चांगला बोलत असतो. कुणी सांगितलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घरी सुरू करू नका. त्यांचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना दिसलाय. इतरांना तो नाही, आणि साखर मात्र भडकते.

रुग्णालयासाठी चिपळूण गाठायचं तर गुहागरहून जवळपास ४५ किलोमीटर, त्यात पावसातला रस्ता. म्हणून १०८ बरोबरच रात्री येऊ शकेल अशा गाडीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा आणि सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून दाराजवळ अडकवा.