पियानोच्या छापील नोटेशनसाठी कोणते बाइंडिंग करावे?

ए-4 आकारात छापलेली साठेक पृष्ठे पियानोच्या स्टँडवर ठेवून वाजवायची असतील, तर माझ्या मते वायरो बाइंडिंग, म्हणजे कडेच्या भोकांतून दुहेरी तारेच्या कड्या ओवलेले बाइंडिंग, करून घ्यावे. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे पान आपोआप मिटता कामा नये, आणि पाठीला गोंद लावून केलेले बाइंडिंग दिसायला कितीही देखणे असले तरी नेमके तिथेच दगा देते. ते सपाट उघडावे म्हणून दाबत राहिले की पाने सुटू लागतात. झेरॉक्सच्या दुकानात सर्रास मिळणारे प्लॅस्टिकचे स्पायरल स्वस्त असते आणि चालतेही, परंतु त्याच्या पिळामुळे समोरासमोरची पाने किंचित वरखाली होतात. वायरोच्या दुहेरी तारेत ती एका रेषेत राहतात. एकच छोटी रचना असेल, तर ए-3 कागद दुमडून मधोमध पिना माराव्यात. पृष्ठसंख्या मात्र चारच्या पटीत बसवावी लागते. कागद 100 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) घ्यावा, कारण 70 जीएसएमच्या कागदातून मागच्या बाजूची छपाई डोकावते. छापण्यापूर्वी बाइंडिंगच्या बाजूला साधारण 15 मिलिमीटर समास सोडावा आणि पान उलटण्याची जागा शक्यतो विरामावर, म्हणजे वादन क्षणभर थांबते तिथे, येईल अशी मांडणी करावी, मग त्यासाठी सुरुवातीला एखादे कोरे पान घालावे लागले तरी हरकत नाही.