‘प्रजाती’ की ‘जाती’?

प्रश्न असा आहे: ‘आंबोली टोड ही बेडकाची दुर्मिळ प्रजाती असून तिचा अधिवास सिंधुदुर्ग जिल्हा आहे’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘प्रजाती’ व ‘जाती’ यांत फरक तो काय?

फरक आहे, आणि याच भेकाच्या, म्हणजे टोडच्या, बाबतीत तो अगदी नडतो.

मराठी शास्त्रीय लेखनात, विश्वकोशातही, प्राण्यांची उतरंड कुल (family), प्रजाती (genus), जाती (species) अशी येते. प्रजातीत अनेक जाती असू शकतात. वनस्पतींबद्दल लिहिताना प्रजातीच्या जागी ‘वंश’ही वापरतात. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ म्हणजे आपली जाती, आणि आपल्या प्रजातीला ते ‘वंश’ म्हणतात. बातम्यांत ‘प्रजाती’ शिरली ती बहुधा तिथूनच. शिवाय ‘जाती’ लिहिताना समाजातली जात आठवून हात आखडत असावा.

आता आंबोलीचं उदाहरण घ्या. २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या भेकाचं वर्णन प्रसिद्ध केलं: झँथोफ्रायने टायगेरिना. दोन शब्दांपैकी पहिला प्रजातीचा. ग्रीकमध्ये झँथोस म्हणजे पिवळा, फ्रायने म्हणजे भेक. दुसरा जाती सांगतो, आणि तो आला कुशीवरच्या वाघासारख्या पिवळ्या पट्ट्यांवरून. त्या लेखात हे दोन्ही शब्द नवे होते, म्हणजे नवी प्रजातीही आणि नवी जातीही.

त्याच लेखात कोयनेच्या भेकाचंही घर बदललं. सोमण यांनी १९६३ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला ब्युफो प्रजातीत बसवलं होतं. भेक दिसला की ब्युफोत टाकायचा असा तो काळ. नंतर ब्युफोची फोड झाली. आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपणारा नेहमीचा भेक आता दत्ताफ्रायनस प्रजातीत आहे. कोयनेचा भेक झँथोफ्रायनेत आला, झँथोफ्रायने कोयनायेन्सिस झाला. त्याची जाती तीच राहिली, प्रजाती बदलली. ज्यांच्या लेखी दोन्ही शब्द एकच, त्यांना हे वाक्य लिहिताच येणार नाही.

‘जाती’ची एक अडचण मात्र खरी आहे: एकवचन आणि अनेकवचन सारखंच. ती विशेषणावर सोडवावी. ‘नवी जाती’ म्हणजे एक, ‘नव्या जाती’ म्हणजे अनेक.

‘बेडूक’ म्हटल्यानं फारसं बिघडत नाही. बिनशेपटीच्या उभयचरांच्या गणात बेडूक आणि भेक दोघंही येतात. टोडसाठी ‘भेक’ हा शब्द विश्वकोशानं रूढ केलाय. संस्कृतात भेक म्हणजे कुठलाही बेडूक, पण मराठीत हा वेगळा अर्थ सोयीचा आहे, तो पाळावा.

‘दुर्मिळ’ला माझा जास्त आक्षेप आहे. पावसाच्या सुरुवातीला आंबोलीच्या जांभ्या खडकावरच्या उथळ डबक्यांत हे भेक अंडी घालायला जमतात, तेव्हा ते शोधावेही लागत नाहीत. संकटग्रस्त ते आहेतच, पण जगात त्यांची जागाच इवलीशी आहे म्हणून. एका पठारावर भरपूर आणि बाकी कुठेच नाही, अशा प्राण्याला ‘मर्यादित क्षेत्रातला’ किंवा ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणावं. ‘प्रदेशनिष्ठ’ लिहिलं तर कुठला प्रदेश तेही सांगायला हवं: झँथोफ्रायने ही प्रजाती पश्चिम घाटाची, टायगेरिना ही जाती आंबोली परिसराची.

आणि जिल्हा हा अधिवास नव्हे. अधिवास म्हणजे प्राणी राहतो तशी जागा: जांभ्याचा सडा म्हणजे उघडं खडकाळ पठार, त्यावरची डबकी, कडेचं सदाहरित जंगल. नकाशावर दाखवायचं ते आढळक्षेत्र.

मी असं लिहीन: ‘आंबोली भेक ही झँथोफ्रायने प्रजातीतली जाती असून तिचं आढळक्षेत्र आंबोली परिसरापुरतं आहे.’