नऊ वर्षं उभी असलेली पोर्शे 944 स्वस्तात घेतली आहे. चालू करायला सुरुवात कुठून करू?

उद्याचा बेत आधी रद्द करा. तुम्ही लिहिलंय की गाडी 1986ची आहे, नऊ वर्षं शेडमध्ये उभी होती, नवी बॅटरी आणून ठेवलीय आणि सेल्फने नाहीच उठली तर मित्राला बोलावून धक्का मारणार. नेमकं हेच करू नका. शेडमध्ये उभ्या गाडीचं नुकसान सावकाश होतं. जे मोठं नुकसान होतं ते चालू करायला घेतल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, आणि ते आपण स्वतःच्या हाताने करतो. नऊ वर्षं थांबलीय, अजून तीन आठवडे थांबेल.

मी स्वतः असली एक गाडी उठवली आहे. 944 नव्हे, दुसरीच, दोन सीटची, उघड्या टपाची, अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. 944शी माझी ओळख मित्राच्या गाडीमुळे. तिच्याखाली झोपून कितीतरी रविवार घालवलेत.

पाना हातात घ्यायच्या आधी एक फोन करा, जुन्या मालकाला. "ठेवली तेव्हा मस्त चालत होती" असं त्याने सांगितलंच असेल, सगळेच सांगतात. पण मस्त चालणारी गाडी कुणी नऊ वर्षं झाकून ठेवत नाही. काहीतरी बिघडलेलं असतं, खर्चाचा आकडा कानावर पडलेला असतो, आणि "बघू पुढच्या महिन्यात" करत वर्षं गेलेली असतात. ते काय होतं एवढंच गोडीत काढून घ्या. 944च्या बाबतीत उत्तर बऱ्याचदा क्लच असतं. या गाडीचं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, दोघांना जोडणारी लांब नळी मध्ये. क्लचप्लेट बदलायची तर सायलेन्सरपासून ती नळी मागे सरकवण्यापर्यंत सगळं उलगडावं लागतं. त्यात मूळ क्लचप्लेटच्या मध्यभागी रबर असतं, ते वयाने फाटतं. कारण क्लच निघालं तर तुमचा "स्वस्त" सौदा किती स्वस्त होता त्याचा हिशेब आत्ताच करून टाका.

आता इंजिन. 944चं साधं इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं. एवढं मोठं चार सिलिंडरचं इंजिन थरथरतं, म्हणून त्यात ती थरथर मारणारे दोन दांडे, म्हणजे बॅलन्स शाफ्ट, आहेत. ती युक्ती पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन वापरली. म्हणजे समोरच्या कव्हराआड दातेरी रबरी पट्टे दोन. एक बॅलन्स शाफ्ट फिरवतो. दुसरा व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट फिरवतो आणि जाताजाता पाण्याचा पंपही. तुमच्या प्रश्नात पट्ट्यांचं नावही नाही, आणि माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. या इंजिनात पट्टा तुटला किंवा दोन-चार दाते सरकला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. नऊ वर्षं एकाच वळणावर दुमडून बसलेलं रबर कडक झालेलं असतं. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गंजून बसलं असेल तर इंजिन फिरेल, पंप फिरणार नाही, आणि पट्टा त्याच्यावर घासून जाईल. धक्का मारणं वाईट ते म्हणूनच. सेल्फ निदान कुरकुरतो तरी. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडलात तर आख्ख्या गाडीचं वजन त्या पट्ट्यावर येतं.

म्हणून चावीला हात न लावता असं करा. चारही प्लग काढा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ इंजिन ऑइल किंवा गंज सोडवणारं तेल सोडा आणि दोन दिवस गाडीकडे फिरकू नका. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच खाली ओघळून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा कोरड्या धातूला टेकून बसलेल्या असतात. मग पट्ट्याचं कव्हर काढा, गाडी न्यूट्रलमध्ये टाका, क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, बोल्टवर लांब दांड्याचा पाना बसवा आणि समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळू ओढा. डोळे पट्ट्यावर ठेवा, हात पान्यावर. पंपाची पुली पट्ट्याबरोबर फिरते का तेच बघायचंय. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस.

माझ्या गाडीत हे चार दिवस चाललं. रोज संध्याकाळी जाऊन पाना ओढायचा, भिंत ओढल्यासारखं वाटायचं. पाचव्या दिवशी आतून बारीकसा "टच्च" आला, पाना जेमतेम बोटभर सरकला, आणि मग इंजिन असं फिरलं की जणू घट्ट बरणीचं झाकण सुटलं. मी एकटाच होतो, तरी टाळ्या वाजवल्या.

हाताने दोन पूर्ण फेरे सुरळीत झाले म्हणजे चारही स्ट्रोक, इंजिनचं एक पूर्ण चक्र, झालं. पण हा जुन्या पट्ट्याला दिलेला परवाना समजू नका. दोन्ही पट्टे, ताणाचे रोलर आणि पाण्याचा पंप, सगळं एकदमच बदला. पंप चांगला दिसला तरी बदला, कारण तो गळायला लागला की हेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून ठरवू नका. त्याचं मोजमापाचं हत्यार येतं, ते ज्याच्याकडे आहे आणि ज्याने हे इंजिन आधी उघडलंय अशा माणसाकडून हे काम करून घ्या. घट्ट झाला तर पट्टा गुणगुणतो, सैल राहिला तर सरकतो. नव्या पट्ट्याचा ताण दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा लागतो. या एका कामात मी पैसे वाचवणार नाही, बाकी सगळीकडे वाचवीन.

पेट्रोलचं आता. जुनं पेट्रोल "थोडं कमजोर" झालेलं नसतं, ते वेगळाच पदार्थ झालेलं असतं. त्यातला लवकर पेटणारा हलका भाग उडून गेलेला असतो, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा थर धरतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी पुरेसं झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथून पंप ओढतो तिथे. मी दोन काचेच्या बरण्यांत शेजारी शेजारी ठेवून बघितलं होतं. नवं पेट्रोल जवळजवळ पाण्यासारखं. टाकीतलं निघालं ते मधाच्या रंगाचं, आणि वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या वॉर्निशचा. बरणी रिकामी केल्यावर काचेवर चिकट कडा उरली, ती नखाने खरवडावी लागली. तीच कडा इंजेक्टरच्या केसाएवढ्या छिद्रात बसते. तेव्हा अर्धी टाकी जुनं आणि वरून नवं ही काटकसर नको. सगळं उपसा, गटारात न ओतता नीट जमा करा, टाकीतली जाळी धुवा, फिल्टर नवा लावा, इंजेक्टर काढून साफ करायला द्या.

रबरी इंधननळ्या मात्र बघत बसू नका, सरळ बदला. इंजिनच्या डोक्यावरच्या तर आधी. बाहेरून ठीक दिसणारी नळी दाब आला की केसासारख्या भेगांतून घाम सोडते, आणि खाली गरम लोखंड असतं. इंजेक्शनच्या दाबाला चालणारीच नळी घ्या. कार्ब्युरेटरची स्वस्त नळी इथे चालत नाही. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा पेटेल त्या दिवशी आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा, डिकीत नव्हे.

एअर फिल्टरचा डबा उघडाल तेव्हा तोंडाला मास्क आणि हातात मोजे असू द्या. माझ्या गाडीत सीटच्या फोमचं मऊ घरटं निघालं, त्यात मूठभर बिया नीट रचून ठेवलेल्या. उंदीर सीट कुरतडतात ते एक वेळ परवडतं; वायरिंगची साल कुरतडतात ते महागात जातं. तारांच्या जुडग्यावरून बोट फिरवत जा, सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा. लेंड्या असतील तर कोरड्या झाडू नका, ओल्या करून पुसा.

ऑइल आणि फिल्टर बदला, कूलंट पूर्ण काढून नवं भरा, पाण्याच्या नळ्या दाबून बघा: करकरली किंवा पिचपिचली की बदलायची. अर्थिंगच्या तारा सोडून घासून पुन्हा बसवा; विजेची निम्मी "भुतं" तिथेच राहतात. बॅटरीखालचा पत्राही बघा. 944ची बॉडी गॅल्व्हनाइज्ड, त्यामुळे गंज तिच्या वयाच्या मानाने कमीच, पण त्या जागी तो हमखास लागतो आणि पाणी आत पायाशी उतरतं.

मग येतो डीएमई रिले. या गाडीत इंजिनचा कंट्रोल युनिट आणि पेट्रोलचा पंप या दोघांनाही वीज या एका डबीतून जाते. आतला सोल्डरिंगचा डाग वयाने चिरतो आणि चालती गाडी काही न सांगता बंद पडते, म्हणून 944वाले एक जास्तीचा रिले गाडीत बाळगतात. तुम्हाला मात्र त्याचा उलटा उपयोग आहे: रिले काढून ठेवा. आता सेल्फ मारला तर ठिणगी नाही, पेट्रोल नाही, इंजिन नुसतं फिरेल. प्लग काढलेलेच ठेवा, भोकांवर फडकं टाका, दहा सेकंद सेल्फ, मिनिटभर विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. डॅशवरचा ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलला की समजा, तेल वरपर्यंत पोचलं. तोवर प्लग लावायचे नाहीत.

प्लग लावून, रिले बसवून चावी माराल तेव्हा गाडी बाहेर, उघड्यावर असू द्या. आधी निळा-पांढरा धूर येईल; तुम्हीच ओतलेलं तेल जळतंय, घाबरू नका. रेस देऊ नका. एक माणूस काट्यावर, एक टॉर्च घेऊन नळ्यांवर. गळती दिसली तर बंद.

ती चालू झाली की पुढे एक मोह होतो: जरा फाटकापर्यंत नेऊन आणू. मी नेली होती. ब्रेक ऑइल बदललं होतं, पेडल घट्ट लागत होतं, मग काय हरकत! पेडल पहिल्यांदा लागलं, दुसऱ्यांदा पार जमिनीला टेकलं. हॅन्डब्रेकने कशीबशी थांबवली. झालं असं की ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मी पेडल तळापर्यंत मारत होतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी वापरातच येत नाही तिथे गंजाची कड असते, आणि रबरी सील तिच्यावरून जाताना फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून अर्धंच दाबायचं असतं, किंवा दाबाच्या बाटलीने हवा काढायची. मला ते नंतर कळलं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट 4 प्रतीचं ऑइल नवं असताना निदान 230 अंश सेल्सियसला उकळायला हवं. पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा 155 धरतात. नऊ वर्षांचं त्याच्याही खाली गेलेलं असू शकतं, आणि तेल उकळलं की पेडल स्पंज होतं. तेव्हा ऑइल बदलाच, पण त्याबरोबर कॅलिपरचे (चाकाशी ब्रेक आवळणाऱ्या चिमट्याचे) पिस्टन हाताने मागेपुढे होतात का बघा आणि रबरी ब्रेकनळ्या नव्या घाला. जुनी नळी आतून सुजते. दाब जाऊ देते, परत येऊ देत नाही, आणि चाक आवळलेलंच राहतं. हॅन्डब्रेक लावून ठेवली असेल तर तोही चिकटलेला असणार. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. हे वाक्य मी दर उत्तरात लिहितो आणि लिहीत राहीन.

टायरला चर भरपूर आहेत असं तुम्ही म्हणता. चर बघू नका, बाजूचा आकडा बघा. "डॉट" या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: 2314 म्हणजे 2014चा 23वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर 2000च्या आधीचे, ते फक्त गाडी शेडबाहेर ढकलण्यापुरते.

रंग, चाकं, सीटकव्हर यातलं काहीही आत्ता विकत घेऊ नका. आणि मित्राला उद्या येऊ द्या, त्याला नाही म्हणू नका. टाकी उपसायला दोन माणसं लागतातच.