बेळगावात घरी बाळंतपण करता येईल का? सोबतीला सुईण मिळेल का?

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. बायकोला सातवा लागलाय. पहिल्या खेपेला दवाखान्यात तिला अख्खी रात्र एकटीला काढावी लागली, म्हणून या खेपेला ती घरीच बाळंत व्हायचं म्हणते. कळा सुरू झाल्यापासून सव्वा महिना होईपर्यंत सोबत राहील अशी सुईण बेळगावात मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

घरी नको. सोबत हवीच, आणि तिच्यासाठी डॉक्टरांशी वाद घालावा लागला तरी घाला.

माझी आई सुईण. खानापूर तालुक्यात जांबोटीवरून कणकुंबीला जाताना आत वळलं की आमचं गाव. मलप्रभा कणकुंबीला उगवते, तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना आमचा जुलै कसा असतो ते सांगायला नको. आईनं किती बाळंतपणं केली ते तिनं मोजलं नाही, पण आजूबाजूच्या चार वाड्यांत माझ्या वयाची निम्मी माणसं तिच्या हातावर आलेली आहेत. सरकारी दाई प्रशिक्षणही तिनं घेतलं होतं. तिथून मिळालेली पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे. हात, जागा, पातं, दोरा आणि नाळ, या पाच गोष्टी स्वच्छ हव्यात, हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. त्याआधी आईसुद्धा पहिला चीक पिळून टाकायला सांगायची. प्रशिक्षणानंतर तिनं ते सोडलं आणि दुसऱ्या बायकांनाही सोडायला लावलं. पोटावर हात ठेवून मूल आडवं लागलं तर ती त्या बाईला हात लावत नसे, गाडी जुंपायला सांगायची. सुईण म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे गंजकं पातं आणि राख येते, त्यांनी आधी एवढं ऐकावं.

माझी पहिली मुलगी २००८ साली बेळगावातल्या एका दवाखान्यात झाली. कुणी वाईट वागलं नाही, मुलगी सुखरूप झाली. पण त्या चौदा तासांत माझ्या हाताला माणसाचा हात लागला तो सलाईन लावताना. आई बाहेर बाकावर पेजेचा डबा धरून बसली होती, तिला आत येऊ दिलं नाही. मला पाठीवर निजवून ठेवलेलं. शेवटी शेवटी सिस्टर कानडीत सांगत होती, "उसिरु बिडु, उसिरु बिडु." म्हणजे श्वास सोड. कानडी मला बाजारापुरतं येत होतं. ती काहीतरी जोरानं करायला सांगतेय एवढंच कळलं, आणि मी दर वेळी श्वास कोंडून धरला. तिला वाटलं मी मुद्दाम ऐकत नाही. या सीमाभागात भाषेवरून आम्ही पाट्यांसाठी, दाखल्यांसाठी भांडतो, पण बाळंतपणाच्या खोलीत एक शब्द न कळल्यानं काय होतं ते तिथं पडलेल्या बाईलाच ठाऊक.

म्हणून दुसऱ्या वेळी, २०११ च्या जुलैत, मी बेळगावातल्या शहापूरहून माहेरी गेले. आईनं चार वेळा निरोप पाठवला होता, की पावसात येऊ नको, दवाखाना जवळ आहे तिथंच राहा, मी येते तुझ्याकडे. मी ऐकलं नाही. हे नीट वाचा, कारण गेली कितीतरी वर्षं आमच्या घरात हे उलटं सांगितलं जातंय. हट्ट माझा होता, आईचा नव्हता.

कळा संध्याकाळी सुरू झाल्या. दादानं १०८ ला फोन लावला. गाडी आली, पण ओढ्याच्या पलीकडे थांबली. पाणी रस्त्यावरून कमरेएवढं वाहत होतं. उपकेंद्राच्या नर्सबाई नशिबानं ओढ्याच्या अलीकडे राहायच्या. धारवाडकडच्या, मराठी मोडकंतोडकं. छत्री मोडलेली, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, अशा रात्री दहाला आल्या. त्यांनी रक्तदाब बघितला, बाळाचे ठोके ऐकले, गरोदर बाईच्या सरकारी नोंदींच्या तायी कार्डावर नोंद केली आणि आईला म्हणाल्या, "अव्वा, तुम्ही तुमचं करा. मी इथं बसते."

आईनं काय केलं? तुमच्या बायकोला हवंय ते हेच असणार, म्हणून सविस्तर सांगते. आईनं मला निजूच दिलं नाही. आढ्याला दोर बांधला होता, कळ आली की तो धरून मी ओणवी व्हायचे. आई मागून माकडहाडावर तळहाताची टाच दाबून धरायची, कळ ओसरेपर्यंत, आणि कळ ओसरली की हात नुसता तिथंच ठेवायची, काढायची नाही. मधल्या वेळात पेजेचे दोन घोट, लघवीला उठवणं, पडवीत चार फेऱ्या. तोंडानं फार काही बोलत नव्हती. "ही गेली. आता ती परत येत न्हाई," एवढंच, प्रत्येक कळेनंतर. रात्रभरात ते वाक्य तिनं शंभरदा म्हटलं असेल. वेदना पहिल्यापेक्षा कमी नव्हत्या. पण भीती नव्हती, आणि भीती नसली की अंग ऐकतं. पहिल्या वेळी पडले तसे टाकेही पडले नाहीत.

पहाटे मुलगा झाला. नर्सबाईंनी पुसून छातीवर ठेवला, पोट चाचपून आत दुसरं मूल नाही ना ते पाहिलं आणि मला तीन पांढऱ्या गोळ्या गिळायला दिल्या. मिसोप्रोस्टॉल, रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या. वीसेक मिनिटांत वार पडली. नर्सबाई बाळाकडे वळल्या, आणि आईनं कंदील जवळ ओढून वार परातीत पसरली. बोटानं कडेकडेनं चाचपत गेली आणि एका जागी थांबली. भाकरीचा कोपरा मोडून घ्यावा तसा एक लचका तिथं नव्हता. "बाई, ही पुरी न्हाई," एवढंच म्हणाली. नर्सबाईंनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

वारेचा तुकडा आत राहिला की गर्भाची पिशवी घट्ट आवळत नाही आणि रक्त वाहत राहतं. माझं वाहिलं. नर्सबाई पोट चोळत होत्या, दंडात इंजेक्शन दिलं, बाळ अंगावर लावून ठेवलं होतं. उजाडता उजाडता ओढ्याचं पाणी मांडीपर्यंत उतरलं, तेव्हा दादानं आणि शेजारच्या तिघांनी मला खाटेवर घालून पलीकडे नेलं. बेळगावात तुकडा काढला आणि रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या.

दादा तेव्हापासून म्हणतो, आईच्या सुईणपणामुळे तू मरता मरता वाचलीस. लग्नाकार्यात, पाहुण्यांसमोर, आई ऐकत असताना म्हणतो. मी म्हणते, आईनं वार बघितली नसती तर "थोडं जातंच" म्हणून दुपारपर्यंत मला घरातच ठेवलं असतं. गोळ्या मिळाल्या नसत्या तर पहाटेच आणखी रक्त गेलं असतं. आणि बेळगावात बाटल्या नसत्या तर बाकी कशाचाच उपयोग नव्हता. यातलं एकही वगळता येत नाही. दादाच्या बोलण्यातलं एक खरं आहे, तेही लिहिते. पाऊस आणखी तीन तास चालू राहिला असता तर हे उत्तर लिहायला मी नसते. म्हणून घरी नको म्हणते. तुमच्या टिळकवाडीत, भर शहरात, ओढा नाही हे मान्य. पण रक्त जायला लागलं की जिना, लिफ्ट, फाटक, ट्रॅफिक हे सगळे ओढेच असतात.

त्या गोळ्यांचं सांगते, कारण बेळगावच्या लोकांनाच ते माहीत नसतं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर ही गोळी खेड्यात चालते का, याची मोठी चाचणी आपल्याच जिल्ह्यात, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या (जेएनएमसी) डॉक्टरांच्या पुढाकारानं झाली, २००२ ते २००५ या काळात. उपकेंद्रांच्या नर्सबाईंनी ती केली. १,६२० बायका होत्या, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण शंभरात १२ होतं, ते गोळी घेतलेल्यांत ६.४ वर आलं. २००६ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. त्या बायका आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या होत्या, आणि त्यांच्यामुळे मी आज आहे असं मी मानते. ही गोळी घरात आणून ठेवायची वस्तू नव्हे. बाळ पोटात असताना चुकीच्या वेळी दिली तर गर्भाची पिशवी फाटू शकते.

आता सुईण मिळेल का. आईसारखी नाही मिळणार. २००५ मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, आशा आल्या, आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला देशात ती ३८.७ टक्के होती, २०१९-२१ ला ८८.६ टक्के. हे चांगलंच झालं, यात वाद नाही. वाईट एवढंच झालं की बाई दवाखान्यात नेली आणि तिचा हात धरणारी बाई फाटकाबाहेर ठेवली. आईसारख्यांना आत घेऊन शिकवता आलं असतं, ते केलं नाही. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सेसना दीड वर्षाचं प्रशिक्षण द्यायचं असं त्यात आहे. ती माणसं दवाखान्यातच काम करणार, तुमच्या घरी येणार नाहीत. कुणी "मी घरी येऊन करते, दवाखान्याची गरज नाही" म्हणाली तर तिला दारातूनच परत पाठवा. चांगली सुईण असं बोलत नाही. आई कधी बोलली नाही.

तुम्ही काय करायचं ते असं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एका बाईला आत राहू द्यायला केंद्रानं २०१६ मध्येच मान्यता दिली आहे. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं हवं, कपडे स्वच्छ हवेत, संसर्गाचा आजार नको, आणि शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी. त्या मान्यतेचा कागद दाखवून मागा. खासगीत तर पैसे मोजताय, स्पष्ट विचारा. आणि जी बाई जाणार ती नुसती नात्यातली म्हणून नको. कळ बघून जिला रडू येतं तिला बाहेरच ठेवा. माझी सासू माझ्यावर जीव टाकते, पण मी तिला आत नेलं नसतं. शिवाय तिथल्या सिस्टर कानडी बोलत असतील तर सोबतीणीला कानडी यायला हवं. चालायला, बसायला, कूस बदलायला देता का, हेही आधीच विचारा, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

नंतरचा सव्वा महिना मात्र घरातच, आणि इथं सुईण नसली तरी अंगाला लावणारी बाई शहापूर-वडगावात विचारलं की मिळते. आशा सहा वेळा घरी यायला हवी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आली नाही तर फोन करून बोलवा. आळीव, डिंकाचे लाडू, शेपा खुशाल द्या. खोली बंद करून धुरी देणं आणि बाळाला मधाचं बोट चाटवणं बंद, आजी कितीही रागावल्या तरी. आणि बाळंतीण उगाच रडते, झोपत नाही, बाळाकडे बघत नाही असं पंधरा दिवसांनंतरही चाललं तर "दूध उतरेल, बरं वाटेल" म्हणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. माझी आई सव्वा महिना रोज दुपारी माझ्याजवळ बसून तांदूळ निवडायची, ते तांदळासाठी नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

राहिलं ते असं. आधीचं बाळंतपण सिझरचं असेल, रक्तदाब चढलेला असेल, जुळी असतील, मूल पायाळू असेल, रक्त कमी असेल, किंवा आधी कधी वार अडकली असेल, तर घरचा विषय तोंडातसुद्धा आणू नका. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच लिहिलेलं नाही, ते आधी तपासून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याचं इंजेक्शन विचारून ठेवा.

सोबतीण आत येऊ देता का, हे या महिन्याच्या तपासणीलाच विचारा. नाही म्हणाले तर दुसरा दवाखाना बघायला तुमच्याकडे अजून दोन महिने आहेत.