आजोबांची दुनळी विकण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दर पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा, परत आणा, शिवाय घरात कुणी वाजवत नाही. मग आजोबांची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, ठेवायची कशाला, असं तू विचारलंस. तुझा कंटाळा खोटा नाही. पण बंदूक विकून मागाहून हळहळणारे बहुतेक जण ह्याच कंटाळ्याने विकतात आणि आपण नेमकं काय विकतोय हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

गेलेली बंदूक परत का मिळत नाही, ते आधी समजून घे. परदेशी बंदुका खासगी माणसाने मागवणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद झालं. त्यामुळे वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स या इंग्लिश कंपन्यांच्या किंवा कलकत्त्याच्या मॅन्टनच्या नावाच्या ज्या बंदुका देशात आहेत, तेवढ्याच आहेत. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि वारसाने आलेलंही त्या दोनांतच मोजलं जातं. म्हणजे उद्या ती परत घ्यावीशी वाटली, तर पैसा, विकायला तयार असलेला माणूस आणि परवान्यावरची रिकामी जागा हे तिन्ही एकदम जुळायला हवं. सहसा जुळत नाही.

आता बघायचं कसं ते सांगतो. बंदूक आजोबांच्या परवान्यावर आहे, तेव्हा हे सगळं त्यांच्या समोर आणि त्यांच्याच हातून होऊ दे. आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा. मग पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड, काढून नळ्या वेगळ्या करा. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर ठोकलेले बारीक शिक्के असतात. तिची जन्मपत्रिका तीच. बर्मिंगहॅमची असेल तर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी शोध. एनपी म्हणजे धूरविरहित दारूवर तपासून पास केलेली. एनपी नसेल आणि नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती पिळाच्या पोलादाची, काळ्या दारूच्या जमान्यातली नळी आहे. तिच्यात आजचं काडतूस घालायचं नाही. शोभेला आणि आठवणीला ती उत्तम.

साधारण १९२५ नंतरच्या इंग्लिश बंदुकीवर चेंबरची लांबीही लिहिलेली असते. जुन्या बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) बहुतेक बंदुका अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या. फसगत इथे होते. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, कारण ती लांबी बार उडाल्यावर उघडलेल्या काडतुसाची असते. तोंड मिटलेलं असताना ते आखूड असतं. बार होताना मिटलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो. बंदूक एका दिवसात फुटेलच असं नाही. सांधे ढिले पडत जातात आणि मग मालक म्हणतो, जुनी झाली, विकून टाकू. खडकीच्या कारखान्याची काडतुसं घेतानाही डब्यावरची लांबी वाचून घ्यायची.

नळ्यांची जोडी खालच्या हुकाला बोट घालून लोंबकळती धर आणि बोटाच्या पेराने टिचकी मार. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख शाबूत आहे. मडकं फुटल्यासारखा बद्द आवाज आला तर कुठेतरी सुटलाय. मग नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघ. उजेडाची वर्तुळं सरळ रेषेत जायला हवीत; एखादं वाकडं दिसलं तर तिथे पोचा आहे, काळे ठिपके दिसले तर गंजाने खाल्लंय. बंदूक पुन्हा जोडून फोरएंड मात्र काढलेलंच ठेव आणि दस्ता धरून हलव. बिजागरीत खडखड झाली तर सांधा ढिला झालाय. हे काम चांगला कारागीर नीट करतो, त्यासाठी बंदूक विकायची गरज नाही.

नंबरही जुळवून घे. नळी, फोरएंड आणि अ‍ॅक्शन (नळ्या जिथे बसतात तो यंत्राचा भाग) तिन्हींवर एकच क्रमांक हवा. ठाण्यात किंवा दुकानात जमा करताना पावतीवर फक्त ‘एक डीबीबीएल गन’ (मागून भरायची दुनळी) लिहून घेऊ नका. तिन्ही भागांचे क्रमांक आणि नळीची लांबी लिहून घ्या, शिक्क्यांचे फोटो घरी ठेवा. दहा बंदुकांच्या ढिगात फोरएंडची अदलाबदल व्हायला कुणाची वाईट नियत लागत नाही, आणि दुसरं फोरएंड तुझ्या बंदुकीवर बसत नाही.

बंदूक चमकवून आणावी हा मोहही आवर. दुनळीला गरम क्षाराच्या टाकीत बुडवून काळं केलं की तो क्षार नळ्यांमधला शिशाचा डाख खातो. महिनाभर देखणी दिसते, मग पट्टी सुटते. पॉलिश मारताना कोरीवकामाच्या कडाही बोथट होतात. जुना करडा रंग राहू दे. आणि पोचा पडला म्हणून तोंडाकडून तीन इंच कापून घ्यायला कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. चोक, म्हणजे तोंडाशी नळी जी किंचित चिंचोळी केलेली असते ती, जातो, किंमत जाते, आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

कोकणातल्या पावसाबद्दल थोडं. चामड्याची पेटी फक्त प्रवासासाठी. जून ते सप्टेंबर त्यात बंदूक ठेवली तर चामडं ओल धरतं आणि गंज पेटीच्या शिवणीच्या रेषेतच उमटतो. तेल नळीला दोन थेंब पुसण्याइतकंच. उभी ठेवायची तर तोंड खाली, नाहीतर तेल उतरून दस्त्याच्या डोक्यात, म्हणजे अ‍ॅक्शनला भिडणाऱ्या टोकात, मुरतं, लाकूड काळं पडून मऊ होतं आणि धक्क्याने चिरतं. वरून ते दिसत नाही. अंगठ्याने दाबून बघ.

आता कागद. आजोबा सत्तरी पार केलेले आहेत. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तर वर्षं वय किंवा पंचवीस वर्षं ताबा, यांतलं जे आधी होईल त्यानंतर परवानाधारक हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे हत्यार देण्याचा अर्ज करू शकतो. तो आत्ताच करून घ्या. त्यांच्या पश्चात हेच करायचं तर बंदूक आधी जमा होते, मग बाकीच्या वारसांची ना-हरकत गोळा करायची, आणि एखादी आत्या परदेशात असली की फाइल अडकलीच. तोवर बंदूक ओलसर खोलीत पडून असते. वारसा-परवान्याला तुला २१ पूर्ण हवीत, प्रशिक्षणाचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही लागेल.

विकायचंच ठरलं, तर घेणाऱ्याचा परवाना त्या प्रकारच्या हत्याराचा आहे ना ते बघायचं, जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि कळवल्यापासून ४५ दिवस थांबायचं. नियम म्हणून हे त्रासाचं वाटतं, पण विचार बदलायला तेवढे दिवस फुकट मिळतात.

सगळ्याच बंदुका ठेवण्यासारख्या नसतात. नळी आतून खाल्लेली, क्रमांक न जुळणारी, दस्ता दोनदा बदललेली, अशी असेल तर जाऊ दे. परवान्यावर दोन असतील आणि एकच ठेवायची असेल, तर ‘जुनी ती जाऊ दे’ हा हिशेब करू नकोस. इशापूरची .३१५ रायफल आजही कारखान्यातून नवी मिळते. अडीच इंची इंग्लिश दुनळी कुठून आणशील?

येत्या रविवारी आजोबांना घेऊन शिक्के वाच आणि कागदावर जसेच्या तसे काढून पाठव. मुकुट, अक्षरं, आकडे, सगळं. अंदाजाने काही लिहू नकोस.